यादींत वधू कोठें आहे ?

कार्तिकांत तुळशीचीं लग्नें लागलीं कीं आपल्याकडे लग्नसराईस तोंड लागतें. मंगल कार्यालयें महिनेच्या महिने आधीं भरून गेलेलीं असतात, सराफकट्ट्यावर पाय ठेवण्यास जागा उरत नाहीं, आणि बस्ता बांधावयास निघालेल्या मंडळींनीं कापडाच्या पेठा फुलून जातात. 'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' ही म्हण ज्यानें केली त्यास या व्यवहाराची पुरी ओळख होती असें म्हटलें पाहिजे. या धामधुमीच्या आरंभीं एक दिवस असा येतो कीं, त्या दिवशीं दोन्ही घरचीं वडील माणसें एका बैठकीवर बसतात, सुपारी फुटते, आणि कोणीं काय द्यावयाचें, किती माणसें आणावयाचीं, मानपान कोणाचा, जेवणाचा खर्च कोणाकडे, हें सर्व कागदावर मांडलें जातें. यासच आपण याद करणें म्हणतों. त्या कागदावर वधूपित्याची सही असते, वरपित्याची असते, मध्यस्थांची व पांच पंचांचीहि असते. जिच्या जन्माचा हा प्रश्न, ती मुलगी चहाचें तबक ठेवून केव्हांच आंत गेलेली असते.

आजच्या लेखांत आम्ही लग्नाच्या उंबरठ्याशीं आलेल्या मुलींस, व त्यांच्या निमित्तानें त्यांच्या बापभावांस, कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगणार आहों. शालू कोणत्या रंगाचा घ्यावा, मेंदी किती दिवस आधीं काढावी, छायाचित्रकार कोठून आणावा, यांविषयीं सल्ला देणारे आजकाल इतके झाले आहेत कीं त्यांत आमची भर नको. वकिलीच्या धंद्यांत जे कागद डोळ्यांखालून जातात, त्यांवरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, गेल्या सवाशें वर्षांत कायद्यानें विवाहित स्त्रीस जे हक्क दिले त्यांपैकीं बहुतेकांची किल्ली कागदांत आहे, आणि तो कागद अक्षता पडण्याच्या आधीं, निदान पडतांच, व्हावा लागतो. मागाहून केलेली धावपळ म्हणजे वरातीमागून घोडें.

हे हक्क आकाशांतून पडलेले नाहींत. मुंबईच्या हायकोर्टांत १८८४ सालीं रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्यानें नांदावयास येण्याविषयीं दावा लाविला. लग्न झालें तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या, व पुढें माहेरींच राहून शिकल्या. अजाण वयांत, आपल्या संमतीवांचून झालेलें लग्न आपणांवर लादतां येणार नाहीं, असा त्यांचा बचाव होता. १८८५ त न्या. पिन्हे यांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. तो अपिलांत फिरला. आणि १८८७ त नवऱ्याकडे जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला, तेव्हां बाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ त तडजोड होऊन प्रकरण मिटलें, व पुढें त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. त्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या पत्रांतून जो धुरळा उडाला तो आज पाहिला असतां मनास खेद होतो. राज्यकारभारांतील पारतंत्र्यावर तुटून पडणाऱ्या कित्येक थोर माणसांस माजघरांतील पारतंत्र्य दिसलें नाहीं. उलट जोतीराव फुल्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त (१८९१) जीं मंगलाष्टकें आहेत त्यांत वधू मुकी नाहीं. ती स्त्रियांच्या हक्कांचें वचन वराकडून मागून घेते. त्या कल्पनेस सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. याद मात्र अजून तिच्या गैरहजेरींत होते.

वयाची गोष्ट थोडक्यांत सांगतों. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें मर्यादा बारा वर्षांवर नेली, शारदा कायद्यानें १९३० सालापासून मुलीचें लग्नाचें वय चवदा ठरविलें, आणि आज तें वधूस अठरा व वरास एकवीस असें आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यांतील एक तरतूद फारच थोड्यांस ठाऊक असते. अठरा पुरीं होण्याच्या आधीं जिचें लग्न लाविलें गेलें तिला, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आंत न्यायालयाकडे अर्ज करून तें लग्न रद्द करून घेतां येतें. ती मुदत टळली कीं हा सोपा मार्ग बंद होतो.

पत्रिकेंतील छत्तिसांपैकीं किती गुण जुळले हें पाहणाऱ्यांस आम्ही आणखी एक पत्रिका पहावयास सांगूं; ती रक्ताची. पूर्व विदर्भांत व नंदुरबारकडील आदिवासी भागांत सिकलसेल, आणि सिंधी, लोहाणा इत्यादि कित्येक समाजांत थॅलेसेमिया, या रोगांचें बीज वाहणारीं माणसें बरींच आढळतात. तीं स्वतः धडधाकट असतात, म्हणून कोणास शंकाहि येत नाहीं. परंतु वधू व वर दोघेंहि एकाच रोगाचें बीज बाळगणारीं निघालीं, तर प्रत्येक मुलास तो रोग पुरता जडण्याचा संभव चारांत एक असतो. मंगळाच्या वादांत महिना घालविणाऱ्यांनीं या तपासणीसाठीं एक सकाळ काढावी.

आतां लग्न लागण्याकडे वळूं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणें लग्न दोहोंपैकीं एका पक्षाच्या रूढ विधींनीं लागावें लागतें, आणि जेथें सप्तपदी हा त्या विधींचा भाग आहे तेथें सातवें पाऊल पडतांच लग्न पूर्ण होतें. एप्रिल २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें एका जोडप्याचें प्रकरण आलें, दोघेंहि विमानचालक. विधि असा कोणताच झाला नव्हता. एका संस्थेचा दाखला मिळवून त्यावर सरकारी नोंद मात्र करून घेतली होती. न्यायालयानें तें लग्न कायद्याच्या दृष्टीनें झालेंच नाहीं असें ठरविलें, आणि जातां जातां असेंहि सुनावलें कीं, विवाह म्हणजे नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा समारंभ नव्हे, आणि हुंडा मागण्याची संधि तर नव्हेच. समारंभाविषयींच्या या वाक्यांची वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाखाणणी झाली, पण मुलींच्या कामाचा भाग पहिला आहे. परदेशच्या परवान्यासाठीं किंवा घराच्या कर्जासाठीं 'आधीं नोंदणीचा कागद करून ठेवूं, लग्न सवडीनें लावूं' असें सांगणारीं स्थळें आज पुष्कळ आहेत. अशा कागदावर भरंवसून जी मुलगी नोकरी सोडते किंवा घर बदलते, तिच्या हातीं ऐन वेळीं कांहींच नसतें. ती विवाहित ठरत नाहीं, म्हणून विवाहितेचे हक्कहि तिला नाहींत.

कागदानेंच लग्न व्हावें अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आश्रय करावा. दोघांपैकीं एकाचें निदान तीस दिवस ज्या जिल्ह्यांत वास्तव्य आहे तेथील विवाह अधिकाऱ्यास नोटीस द्यावयाची. ती कचेरींत लावली जाते. तीस दिवस लोटल्यावर तीन साक्षीदारांदेखत लग्न होतें. नोटिशीपासून तीन महिन्यांत तें झालें नाहीं तर पुनः पहिल्यापासून सुरुवात. तेव्हां मुहूर्ताची तारीख आधीं छापून मग नोटिशीचा विचार करणाऱ्यांची फजिती होते, हें निराळें सांगावयास नको. धर्म किंवा जात निराळी असली तरच हा कायदा, अशी एक समजूत आहे; ती चुकीची आहे. एकाच जातीच्या वधूवरांसहि तो खुला आहे, व त्यांत मांडवाचा, भोजनाचा आणि मानपानाचा खर्च मुळींच लागत नाहीं, हा त्याचा आणखी एक गुण.

विधीनें लागलेल्या लग्नाची नोंद महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्याप्रमाणें नव्वद दिवसांच्या आंत करावयाची असते. नोंद न झाल्यानें लग्न रद्द होत नाहीं हें खरें. पण पुढें पासपोर्ट, पोटगी, वारसा, निवृत्तिवेतन यांपैकीं कांहींहि मागतांना पहिला प्रश्न लग्नाच्या पुराव्याचा येतो, आणि तो पुरावा गोळा करण्याचें ओझें बहुधा बाईवर पडतें. नमुन्यावर वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या सह्या लागतात. पुरोहित परगांवचा असेल तर त्याची सही मांडवांतच घ्यावी. दक्षिणा हातीं पडून गाडी सुटल्यावर त्यास शोधीत फिरण्याची पाळी आलेलीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. वधूचें व तिच्या वडिलांचें नांव शाळेच्या दाखल्यावर जसें असेल तसेंच, काना-मात्रेचाहि फरक न करितां, लिहावें.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील पुष्कळ मुली गोव्यांत दिल्या जातात. ('दिल्या जातात' हें क्रियापद आम्ही रूढीस अनुसरून वापरीत आहों, आवडीनें नव्हे.) तेथें पोर्तुगीज अमदानींतील १८६७ च्या दिवाणी संहितेचा विवाहविषयक भाग अजून चालू आहे. नोंदणी अधिकाऱ्यापुढें दोनदां सह्या होतात, एकदां इराद्याची व मागून लग्नाची. आणि लग्नापूर्वीं निराळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होऊन प्रत्येकाचा निम्मा हिस्सा ठरतो. निराळी व्यवस्था हवी असेल तर ती लग्नाच्या आधींच अधिकाऱ्यापुढें दस्त करून ठरवावी लागते, व ती मागून बदलतां येत नाहीं. पहिली सही ठोकण्यापूर्वीं मुलीनें कोणता दस्त झाला आहे किंवा नाहीं हें स्वतः वाचून घ्यावें. 'तो सर्वच घरांत असतो' या उत्तरावर थांबूं नये. मुसलमान भगिनींचा निकाहनामा हा तर स्वभावतःच करार आहे. त्यांत मेहेरची रक्कम किती, ती तत्काळ देय कीं पुढें, हें स्पष्ट लिहून घेतां येतें. कांहीं प्रसंगीं पत्नीसहि तलाकचा अधिकार सोंपविण्याची अट घालतां येते. हा अधिकार त्यांच्या शास्त्रांत पूर्वींपासून आहे, आणि हिंदु भगिनींनीं त्याचा हेवा करावा असाच तो आहे.

परंतु सर्वांत जास्त घोटाळा होतो तो सोन्यांत. स्त्रीधन ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. अग्नीसमक्ष दिलेलें, सासरीं जातांना दिलेलें, प्रीतीनें दिलेलें, आणि आई, बाप व भाऊ यांजकडून मिळालेलें, असे त्याचे सहा प्रकार मनूनेंच सांगितले आहेत. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमानें स्त्रीस तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९८५ त सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सासरच्यांच्या ताब्यांतील स्त्रीधन त्यांजकडे केवळ ठेव म्हणून असतें, व मागितल्यावर तें न देणें हा विश्वासघाताचा गुन्हा होतो. २०२४ त त्याच न्यायालयानें पुनः सांगितलें कीं नवऱ्यास त्यावर मालकी नाहीं, अडचणींत त्यानें तें वापरलें तरी परत करण्याची जबाबदारी त्याजवर राहतेच. इतका हा कायदा स्पष्ट आहे. असें असतां दाव्यांत बायका हरतात त्या कशांत? पुराव्यांत. 'तुझ्या अंगावर काय होतें?' या प्रश्नास उत्तर देतांना पाटल्या किती तोळ्यांच्या हें आईस आठवतें, तन्मणी कोणीं दिला हें आत्यास आठवतें, आणि लेखी असें कांहींच नसतें. लग्नाचीं छायाचित्रें हजार निघतात. दागिन्यांचें एकहि नसतें. पहिल्या रात्रीं सासूबाई 'सांभाळून ठेवतें' म्हणून डबा मागून घेतात, बहुधा निर्मळ मनानेंच. पुढें दुकानाला भांडवल लागतें, डबा गहाण पडतो, आणि दहा वर्षांनीं त्यांत काय होतें याविषयीं दोन घरांच्या दोन कहाण्या होतात.

याला उपाय कायद्यानें स्वतःच नेमून ठेविला आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालीं १९८५ सालीं जे नियम झाले, त्यांप्रमाणें लग्नांत वधूस मिळालेल्या भेटींची एक, व वरास मिळालेल्यांची दुसरी, अशा दोन याद्या लग्नाच्या वेळीं किंवा त्यानंतर लवकरांत लवकर लेखी करावयाच्या असतात. प्रत्येक वस्तूचें थोडक्यांत वर्णन, अदमासें किंमत, देणाराचें नांव, नातें असल्यास नातें, आणि खालीं वधूवर दोघांच्याहि सह्या. बस एवढेंच. याद करणाऱ्या आमच्या समाजास ही खरी याद मात्र करावयाची सुचत नाहीं! आमची सूचना अशी कीं, दागिन्याचें वजन व शुद्धता यांबरोबर त्यावरील सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांकहि लिहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या बहुतेक दागिन्यांवर तो असतोच, व त्यामुळें कोणती पाटली कोणाची हा वाद उरत नाहीं. सराफाची पावती वधूच्या नांवानें करावी. ती बापाच्या किंवा सासऱ्याच्या नांवानें करण्याची जी चाल आहे ती पुढें फार नडते. मंगळसूत्राची एक वाटी माहेरची व एक सासरची. तेंहि यादींत यावें. एक प्रत वधूनें आपणाजवळ ठेवावी, दुसरी माहेरीं; आणि बँकेंतील लॉकर तिच्या स्वतःच्या नांवानें असावा, निदान तिच्या सहीवांचून उघडणारा नसावा.

यावर आमचे कित्येक वाचक म्हणतील कीं, मांडवांत बसून दागिन्यांची मोजदाद करणें म्हणजे सोयरिकीच्या पहिल्याच दिवशीं संशय घेणें होय. मुलीनें असें बोलणें शोभतें काय? आमचे पुष्कळसे वाचक व्यापारी आहेत, म्हणून त्यांच्याच पेढीवरील दाखला देतों. सख्ख्या भावाच्या दुकानांतून माल आला तरी तो वहींत जमा होतो. त्या नोंदीनें भाऊ चोर ठरत नाहीं. उलट नोंद असते म्हणून भावाभावांत बोलणें राहतें. पांच हजारांची उधारी लिहून ठेवणाऱ्या माणसानें पांच लाखांचें सोनें तोंडी व्यवहारावर सोडावें, आणि तें केवळ मुलीचें आहे म्हणून सोडावें, यास खानदानी म्हणत नाहींत. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडे उगाच म्हटलेलें नाहीं.

तथापि येथें एक इशारा देणें जरूर आहे. यादी केली म्हणून हुंडा कायदेशीर होत नाहीं. न मागतां, रिवाजाप्रमाणें व ऐपतीच्या मानानें दिलेल्या भेटींपुरतीच ती आहे. मागून घेतलें तें सर्व हुंडा. मग त्यास पोशाख म्हणा, मोटार म्हणा, सदनिकेचा पहिला हप्ता म्हणा, कीं जांवयाच्या दवाखान्यास हातभार म्हणा. १९६१ पासून हा गुन्हा आहे. आजच्या कायद्यांत त्यास निदान पांच वर्षांची कैद सांगितली आहे, आणि घेणाराइतकाच देणाराहि दोषी धरला आहे. मात्र ज्याजवर जुलूम झाला त्यानें केलेल्या कथनावरून त्याजवरच खटला होऊं शकत नाहीं, असा अपवाद कायद्यानें ठेविला आहे. तेव्हां 'आपणच अडकूं' या भीतीनें तोंड मिटून बसण्याचें कारण नाहीं. आणखी असें कीं, हुंडा दुसऱ्या कोणाच्या हातीं गेला असेल तर तो तीन महिन्यांच्या आंत वधूच्या स्वाधीन करावा, असें ६ वें कलम सांगतें. लग्नापासून सात वर्षांच्या आंत विवाहितेचा भाजून, इजेनें किंवा अन्य संशयास्पद रीतीनें मृत्यु झाला व त्यापूर्वीं हुंड्यासाठीं तिचा छळ झाला असेल, तर त्यास हुंडाबळी मानणारें कलम १९८६ त दंडसंहितेंत आलें. तें २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत ८० वें झालें आहे. तें कलम मेलेल्या मुलीस न्याय देतें. आम्हांस जिवंत मुलीशीं बोलावयाचें आहे. मागणी सुपारी फुटण्यापूर्वीं कानीं येते. ती मध्यस्थाच्या तोंडून येते, हंसत हंसत येते, 'आमचें कांहीं म्हणणें नाहीं, पण चार लोकांत बरें दिसावें' अशा भाषेंत येते. तेव्हांच मुलीनें स्वतः बैठकीवर येऊन 'हें होणार नाहीं' असें म्हणावें. फोनवरचा निरोप आला असेल तर तो पुसून टाकूं नये. मोडलेल्या सोयरिकीची चर्चा गल्लींत महिनाभर चालते. वाईट सोयरिकीचें दुःख इतक्यांत संपत नाहीं.

खर्चाचा हिशेब व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावा! तरी एक उदाहरण मांडतों. समजा, हजार पानांची पंगत, ताटास चारशें रुपये. झाले चार लक्ष. ते दरमहा शेंकडा दोननें काढले तर महिन्याचें व्याज आठ हजार, वर्षाचें शहाण्णव हजार. मुद्दल जागच्या जागीं. जेवून गेलेल्या हजारांपैकीं नऊशेंस वधूचें नांवहि ठाऊक नसतें. हें कर्ज बाप फेडतो असें आपण म्हणतों. वास्तविक तें धाकट्या बहिणीचें शिक्षण फेडतें. म्हणून पाहुण्यांचा आंकडा ठरतांना मुलीनें हजर असावें, व बापास संकोच वाटतो तेथें तिनें 'शंभर पुरेत' म्हणावें. कार्यालयाचा करारहि तिनेंच वाचावा. मुलीला आज इंग्रजी व हिशेब दोन्ही बापापेक्षां बरे येतात. अनामत किती, तारीख मोडल्यास परत किती, वीज व सफाई निराळी कीं आंत, आचारी बाहेरचा चालेल कीं नाहीं, हें पावतीवर लिहिलेलें असावें. मार्च २०२० त टाळेबंदी होऊन लग्नें रद्द झालीं तेव्हां ज्यांजवळ लेखी अटी होत्या त्यांस बोलावयास जागा होती. बाकीच्यांस कार्यालयवाल्याच्या मर्जीवर रहावें लागलें. रोखीचा मोहहि टाळावा. एका प्रसंगानिमित्त एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास २०१७ पासून आयकर कायद्यानें मनाई आहे, आणि रोख दिलेल्या पैशांची पावती मिळण्याची खात्री कोणीं द्यावी?

आतां एका अशा कागदाविषयीं, कीं ज्यावर मुलीनें सही करूं नये. लग्न ठरतें, खर्चाचा आंकडा निघतो, आणि एखाद्या रात्रीं भाऊ किंवा चुलता हक्कसोडपत्राचा मसुदा पुढें करतो: 'तुझ्या लग्नाला इतके घातले, तोच तुझा वाटा.' हें कायद्याचें म्हणणें नव्हे. महाराष्ट्रानें १९९४ सालींच, त्या वेळीं अविवाहित असलेल्या मुलींस, वडिलार्जित एकत्र मिळकतींत मुलाप्रमाणें जन्मतः हिस्सा दिला. २००५ त तोच नियम सर्व देशास लागू झाला. आणि २०२० त सर्वोच्च न्यायालयानें खुलासा केला कीं त्यासाठीं २००५ च्या त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं. लग्नाचा खर्च बापानें हौसेनें किंवा लोकलाजेनें केला. त्यांतील फारच थोडा मुलीच्या हातीं पडला. आचाऱ्यानें, मांडववाल्यानें व वाजंत्र्यांनीं नेलेला पैसा मुलीच्या वाट्यांत धरावा, हा हिशेब कोणत्या शिरस्त्याचा? भावास प्रेमानें कांहीं द्यावयाचें असेल तर तें मुलीनें वर्षा-दोन वर्षांनीं, शांत चित्तानें, स्वतःच्या वकिलास विचारून द्यावें. हळदीच्या अंगानें दस्तावर सही करूं नये.

नांवाविषयीं दोन शब्द. लग्नानंतर नांव किंवा आडनांव बदललेंच पाहिजे असें सांगणारा कायदा या देशांत नाहीं. तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहिण्याचा विधि ज्यांस गोड वाटतो त्यांनीं तो अवश्य करावा. पण पदवी, बँक, पासपोर्ट व सातबारा यांवरील नांव त्यामुळें आपोआप बदलत नाहीं, आणि निम्म्या कागदांवर एक, निम्म्यांवर दुसरें, ही स्थिति सर्वांत वाईट. बदलावयाचें तर सर्वत्र बदलावें, नाहींतर कोठेंच बदलूं नये.

शेवटीं व्यापाऱ्यांच्या घरीं जाणाऱ्या मुलींसाठीं एक गोष्ट. दुकान बुडालें तर सावकार व बँक घरादारापर्यंत येतात. नवऱ्याच्या विम्याची रक्कमहि त्यांच्या हातीं जाऊं शकते. परंतु १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा एक कायदा आहे, आणि १९२३ पासून तो हिंदु, मुसलमान इत्यादि सर्वांच्या उपयोगी पडतो. त्याच्या ६ व्या कलमाप्रमाणें नवऱ्यानें स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या व मुलांच्या हितासाठीं म्हणून उतरविला, तर ती रक्कम त्यांची ठेव ठरते. नवऱ्याच्या धनकोंस तीवर हात टाकतां येत नाहीं. नुसतें वारस म्हणून बायकोचें नांव लावणें म्हणजे हें नव्हे. त्यासाठीं निराळा नमुना भरावा लागतो, व तो विमा उतरवितांनाच भरावयाचा असतो. विमा एकदां साध्या रीतीनें निघाला कीं त्यास हें कलम मागून चिकटवितां येत नाहीं. तेव्हां लग्नानंतर एजंट घरीं येईल त्या दिवशीं तो कागद वधूनेंच मागून घ्यावा.